आधी बुश बदला

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांच्या झेनमधली गिअरची दांडी काढली आणि तिच्या जागी लेथवर करून घेतलेली 'शॉर्ट-थ्रो' दांडी बसवली. जुन्या दांडीत काहीही दोष नव्हता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी तपासलंच नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

शेवटची दोन वाक्यं लागोपाठ वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. मलाही आता येतं. पण हा लेख माझ्या फजितीपुरता नाही. मला भांडायचंय. भांडण आहे ते आपल्या वयाच्या, आपल्यासारखा पगार असलेल्या, रात्री दोन वाजता गाड्यांचे रील बघत पडणाऱ्या मंडळींशी. जुनी गाडी दिसली की तिला काय लावता येईल हे आपल्याला लगेच सुचतं. तिचं काय झिजलंय हे विचारायचं मात्र सुचत नाही.

ज्यांना शॉर्ट-थ्रो म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅन्युअल गाडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गिअरची मूठ जितकं अंतर सरकते, त्याला 'थ्रो' म्हणतात. दांडीची रचना बदलून हे अंतर कमी केलं की झाला शॉर्ट-थ्रो. हात कमी हलतो, गिअर खटकन पडतो, आणि आपण हिंजवडीच्या सिग्नलला नसून कुठल्यातरी रेस ट्रॅकवर आहोत असं तीन सेकंद वाटतं. त्या तीन सेकंदांसाठी लोक पैसे मोजतात. मीही मोजले.

गाडी आणि तिचा आजार

बाबांनी ही झेन २००३ साली नवी घेतली. पोस्टातल्या पगारात, कर्ज काढून. ९९३ सीसीचं इंजिन, पाच गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही. मी याच गाडीच्या मागच्या सीटवर वाढलो आणि याच गाडीवर शिकलो. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, बाबांनी आरटीओत जाऊन नोंदणी पुढं वाढवून घेतली. २०२३ मध्ये पुन्हा गेले. मधल्या काळात, एप्रिल २०२२ पासून, जुन्या खाजगी कारच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं होतं. बाबांनी एक शब्द न बोलता भरले. दर महिन्याला पुण्याहून वाईजवळच्या गावी जायचं, शेताच्या बांधावर एक चक्कर मारायची, येताना डिकीत भुईमुगाच्या शेंगा नाहीतर हळद आणायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. तो नेम या गाडीवर चालतो.

गेल्या पावसाळ्यापासून गिअर नीट पडेना. न्यूट्रलमध्ये दांडी उकळत्या पातेल्यातल्या डावासारखी कुठंही फिरायची. दुसरा शोधावा लागायचा. रिव्हर्स टाकताना करकर वाजायचं. मी एका मोठ्या, काचेच्या, वेटिंग रूममध्ये कॉफी देणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या मुलानं दोनदा गिअर हलवून बघितला आणि सांगितलं, "सर, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पंचवीस हजार धरून चाला. पण खरं सांगू का, या गाडीत एवढा खर्च करू नका."

ऑफिसातल्या मित्रांनी एका वाक्यात निकाल दिला: "स्क्रॅप कर ना. आता पॉलिसी आहे." तिसरा सल्ला अल्गोरिदमनं दिला. मी 'गिअर लूज' असं शोधलं असेल, त्यानंतर दोन दिवसांत माझा फोन शॉर्ट-थ्रो शिफ्टरांनी भरून गेला. चकचकीत अॅल्युमिनिअमचा पाया, त्यावर छोटीशी दांडी, गोल मूठ, आणि 'आधी' व 'नंतर' असे दोन तुकडे. आधीच्या तुकड्यात दांडी लुळी. नंतरच्या तुकड्यात खट, खट, खट.

मला वाटलं, हेच तर हवंय.

दांडीचं गणित

आता थोडं गणित, कारण गणित न करताच मी दांडी बनवली होती.

गिअरची दांडी ही तरफ आहे. मधे एका गोळ्यावर ती टेकलेली असते. गोळ्याच्या वरचा भाग तुमच्या हातात. खालचा भाग एका रॉडला जोडलेला, आणि तो रॉड पुढं इंजिनखाली गिअरबॉक्सपर्यंत जातो. समजा वरचा भाग ३०० मिलिमीटर आहे आणि खालचा ६०. म्हणजे गुणोत्तर पाचास एक. रॉडला २० मिलिमीटर सरकवायचं तर मूठ १०० मिलिमीटर सरकवावी लागणार.

आता खालचा भाग वाढवून ८० केला. गुणोत्तर झालं पावणेचारास एक. तोच रॉड तेवढाच २० मिलिमीटर सरकवायला मूठ फक्त ७५ मिलिमीटर हलेल. पंचवीस टक्के अंतर वाचलं. रीलमध्ये इथंच टाळ्या पडतात.

पण तरफ फुकट काही देत नाही. अंतर एक चतुर्थांश कमी झालं की जोर एक तृतीयांश वाढतो. पूर्वी तीन किलोचा जोर लागत असेल तर आता चार. हे आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. रीलमध्ये नाही.

आणि गिअरबॉक्सच्या आत? आत काहीही बदललेलं नाही. आतल्या स्लीव्हला तेवढंच अंतर जायचंय. प्रत्येक गिअरशेजारी एक पितळी कडं असतं, सिंक्रो रिंग. वेगवेगळ्या वेगानं फिरणाऱ्या दोन भागांना घासून ते एका वेगावर आणतं आणि मगच गिअर आत जाऊ देतं. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं ही सोय बाजारात आणली, त्याआधी ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून, कान लावून वेग जुळवायचे. या कड्याला त्याचं काम करायला क्षणभर वेळ लागतो. तुम्ही हातानं जोर कमी लावला तर जास्त वेळ लागतो, आणि घाई केली तर त्याला तेच काम कमी वेळात, जास्त रगडून करावं लागतं. दांडी छोटी केल्यानं कडं हुशार होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलेलं गणित वेगळंच आहे. माझ्या गाडीचा आजार होता ढिलेपणा, म्हणजे 'प्ले'. समजा जोडाच्या ठिकाणी, झिजलेल्या बुशमुळे, २ मिलिमीटरचा प्ले आहे. पाचास एकच्या दांडीत तो मुठीपाशी १० मिलिमीटर होऊन जाणवतो. शॉर्ट-थ्रो दांडीत तोच प्ले मुठीपाशी साडेसात मिलिमीटर होतो. हाताला वाटतं, वा, ढिलेपणा कमी झाला! पण बघा: शंभरात दहा आणि पंचाहत्तरात साडेसात. दोन्ही दहा टक्केच. जोडापाशी २० मिलिमीटरच्या प्रवासातले २ मिलिमीटर आधीही वाया जात होते, आताही वाया जातायत. आजार तसाच. फक्त तो ज्या काचेतून दिसायचा, ती काच आपण बदलली.

म्हणून 'आधी' आणि 'नंतर'चे ते व्हिडिओ खोटे नसतात. फसवे असतात.

आणि त्या व्हिडिओंतल्या गाड्या कुठल्या? बऱ्याचदा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, जपानी किंवा जर्मन. १९८९ मध्ये आलेली माझ्दाची एमएक्स-५ घ्या. तिच्या गिअरचं जगभर कौतुक होतं. तिथं दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसते. हात आणि गिअर यांच्यामध्ये लांब रॉड नाही, चार सांधे नाहीत. म्हणून ती नेमकी वाटते. झेनमध्ये गिअरबॉक्स पुढं, इंजिनाच्या शेजारी आडवा. दांडी तुमच्या मांडीशेजारी. मधे रॉड, सांधे, बुश, रबर. तिथल्या दांडीची लांबी कापून एमएक्स-५ मिळत नाही. एमएक्स-५ची नक्कल मिळते, आणि तीही झिजलेल्या बुशवर उभी.

खट, खट, खट

झेनसाठी तयार किट मला मिळालं नाही. मग मी नाना पेठेत एक जुनी दांडी शोधली, भोसरीत एका लेथवाल्याकडं गेलो, आणि खालचा भाग लांब करून घेतला. १,८०० रुपये. एक चांगली गोष्ट त्या लेथवाल्या काकांनी केली: मी नुसतं वेल्डिंग करून तुकडा जोडा म्हणत होतो, त्यांनी नकार दिला. "साहेब, घाटात हातात आली तर?" म्हणाले आणि अख्खा खालचा भाग नव्या सळईतून खरादून दिला. त्या दिवसभरात इंजिनिअरिंग करणारा माणूस मी नव्हतो.

रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दांडी बसवली. संध्याकाळी चांदणी चौकापर्यंत चक्कर मारली. खट, खट, खट. व्हिडिओ केला, ग्रुपवर टाकला, बदाम आले. बाबांना शेजारी बसवून दाखवलं. त्यांनी एकदा चालवून बघितली.

"छान झालीय," म्हणाले. "एकदम नव्यासारखी."

स्वारगेट–वाई

पुढचे तीन महिने बाबा गावाला एसटीनं गेले.

मला कळलंही नाही. मी ऑफिसात, मग वर्क फ्रॉम होम, मग रिलीज. एकदा आई सहज म्हणाली, "आज यांना स्वारगेटला सोडशील का? रिक्षावाले फार मागतात." मी विचारलं, गाडीला काय झालं? आई म्हणाली, "गाडीला काही नाही झालं. त्यांच्या खांद्याला झालंय."

बाबांना मधुमेह आहे. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडणं नेहमीचं. डाव्या खांद्याचं दुखणं त्यांना वर्षभरापासून होतं, आणि आपल्याकडं गिअर डाव्या हातानं टाकतात. जुन्या लुळ्या दांडीवर त्यांचं भागत होतं. शोधावा लागायचा गिअर, पण ढकलावा लागत नव्हता. माझ्या नव्या दांडीवर खंबाटकीच्या घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं म्हणजे प्रत्येक वेळी कळ. एकदा गेले तसे. येताना बोगद्यापाशी गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसून राहिले म्हणे. त्यानंतर किल्ली खुंटीला.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू एवढा हौसेनं केलंस," ते म्हणाले. "आणि इंजिनिअर तू आहेस. मला वाटलं, माझंच वय झालं."

हे वाक्य मी इथं लिहितोय ते सहानुभूतीसाठी नाही. माझा मुद्दा त्यात अख्खा आहे. एका माणसानं मशिनमध्ये चुकीचा बदल केला, आणि ज्याच्यावर तो बदल लादला गेला त्या माणसानं स्वतःलाच नादुरुस्त ठरवलं. हे आपण रोज करतो. चांगलं चालणारं अॅप आपण 'रीडिझाइन' करतो, बँकेचं बटण दुसरीकडं नेतो, आणि मग आपल्याच घरातली माणसं फोन पुढं करून म्हणतात, "बाळा, मला हल्ली जमत नाही बघ." जमत नाही कारण आपण थ्रो छोटा केलेला असतो. आपल्या हाताच्या मापानं.

तीनशे चाळीस रुपये

मग मी बाबांच्या जुन्या मिस्त्रींकडं गेलो. एका शटरचं गॅरेज, कॉफी नाही. काकांनी गाडी चालूही केली नाही. मला सीटवर बसवलं, स्वतः खाली शिरले आणि म्हणाले, "हलवा हळूहळू." मी दांडी हलवली. खालून आवाज आला, "तुमची दांडी हलतीय, रॉड झोपलाय."

बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळव्यावर पिवळट प्लॅस्टिकचे चार तुकडे होते. तो बुश. वीस वर्षांत वाळून, तडकून, त्याचा भुगा झालेला. वर इंजिनाचं एक फाउंडेशन, म्हणजे रबरी माउंटिंग, फाटलेलं. इंजिन झोके घेतंय म्हटल्यावर त्याला जोडलेला रॉडही झोके घेणार. आणि क्लचची केबल ताणलेली, म्हणून क्लच पूर्ण सुटत नव्हता आणि रिव्हर्सला करकर येत होती. त्याची परीक्षा त्यांनी मला दोन मिनिटांत शिकवली: गाडी बंद असताना सगळे गिअर मऊ पडतायत आणि चालू केल्यावर अडतायत, तर गिअरबॉक्सवर शंका घ्यायच्या आधी क्लच बघा.

बुशांचा संच ३४० रुपये. फाउंडेशन वेगळं. गिअर ऑइल बदललं. तिथंही त्यांनी डबा वाचून बघितला, कारण पितळी सिंक्रो असलेल्या बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलेलं असतं, आणि जीएल-५ मधली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत. केबल जुळवली. आणि जुनी, कंपनीची दांडी परत बसवली. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या एक दशांशातही बरंच उरलं.

घरी येऊन मी बॅगा मोजायचा डिजिटल काटा मुठीला अडकवला आणि गाडी बंद ठेवून दुसरा गिअर ओढला. साधारण साडेतीन किलो. हट्टानं माझी दांडी पुन्हा लावून मोजलं. पावणेपाच. तरफेनं सांगितलेलंच काट्यानं सांगितलं. ही मोजणी दिवाळीत करायला मला वीस मिनिटं लागली असती.

आता भांडण

पहिलं भांडण माझ्या शिक्षणाशी. चार वर्षं मेकॅनिकल शिकलो. सिंक्रोमेश गिअरबॉक्सची आकृती मी सात मार्कांसाठी इतक्या वेळा काढलीय की आजही डोळे मिटून काढीन. पण वर्कशॉपमध्ये जो कापून ठेवलेला गिअरबॉक्स होता, त्यावर 'हात लावू नये' अशी पाटी होती. आम्ही लावला नाही. मग कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली आणि हात लावायचा प्रश्नच मिटला. आज माझ्यासारखे कितीतरी यंत्र-अभियंते हिंजवडीत आणि खराडीत बसलेत, ज्यांना टॉर्क कन्व्हर्टरचं समीकरण येतं पण दहाचा पाना कुठल्या बोल्टला लागतो ते माहीत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं आपण एकमेकांना सांगतो. थोडी वाटायला हवी.

दुसरं भांडण 'अपग्रेड' या शब्दाशी. दुरुस्ती म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय, कमीपणा आहे. अपग्रेड म्हटलं की छाती फुगते. म्हणून ३४० रुपयांच्या बुशचा रील कोणी करत नाही. त्यात दाखवण्यासारखं काही नसतं: एक प्लॅस्टिकची चकती काढली, तशीच दुसरी घातली, गाडी २००३ मध्ये होती तशी झाली. पण माझ्या मते हाच सगळ्यात मोठा अपग्रेड होता. वीस वर्षं झिजलेल्या गाडीला पहिल्या दिवसाचं वागणं परत देणं. आपल्या धंद्यातही हेच. मेमरी लीक शोधायला दोन दिवस लागतात आणि त्याचं कौतुक होत नाही. 'आपण हे सगळं नव्यानं लिहू' म्हणणाऱ्याला प्रमोशन मिळतं.

तिसरं भांडण भंगारवाल्यांशी. खऱ्या भंगारवाल्यांशी नव्हे, ते बिचारे वस्तूची किंमत जाणतात. माझं भांडण 'स्क्रॅप कर ना' म्हणणाऱ्यांशी. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण आलं. खाजगी गाड्यांच्या बाबतीत त्यातली मूळ कल्पना फिटनेसची आहे. तपासणीत नापास झालेली गाडी मोडीत काढा. आपण त्याचं सोपं भाषांतर केलं: जुनी आहे, मोडीत काढा. दिल्लीच्या पट्ट्यात पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचा नियम वेगळा आहे, इकडं तसा सरसकट नियम नाही.

इथं विरुद्ध बाजूचं खरं आहे तेवढं मान्य करतो. आमची झेन आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही. मी तिच्यातून आईबाबांना एक्सप्रेसवेवर नेत नाही. कुणी या कारणांसाठी जुनी गाडी सोडत असेल तर तो शहाणाच आहे. पण ते कारण सांगून सोडा. गिअर पडत नाही म्हणून गाडी मेली असं समजून, पिवळ्या प्लॅस्टिकच्या चकतीपायी एक अख्खी चालती गाडी वितळवायला पाठवणं हा पर्यावरणवाद नाही. ते फक्त निदान न केल्याचं बिल आहे.

मग हातच लावायचा नाही का?

"कंपनीनं दिलंय ते बदलू नये" म्हणणारा एक सनातनी पंथ गाड्यांच्या जगातही आहे. मी त्यात सामील झालोय असं कुणाला वाटायला नको. कंपनीनं दांडीचं गुणोत्तर ठरवलं ते लाखो अनोळखी हातांची सरासरी धरून. तुमचा हात सरासरी नसेल, तर ते बदलायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. बाबांच्या खांद्यासाठी उद्या मी उलट, आणखी लांब थ्रोची, हलकी दांडीही करीन. तोही बदलच. फक्त त्याचा व्हिडिओ कुणी बघणार नाही.

आपल्याकडच्या मिस्त्रींनी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या उघडल्या, कापल्या, एकीचं दुसरीला लावलं. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, ती काही म्युझियमच्या काळजीनं टिकली नव्हती. हात लावणाऱ्यांनी टिकवली होती.

तेव्हा बसवायचाच असेल शॉर्ट-थ्रो, तर माझ्या चुका पुन्हा करू नका. आधी बुश बदला. मग फाउंडेशन बघा, क्लच जुळवा, ऑइल बदला. मग महिनाभर गाडी चालवा. शंभरातल्या निम्म्यांना तिथंच कळेल की आपल्याला हवं होतं ते मिळालं. उरलेल्यांनी मूठ किती सरकते आणि किती जोर लागतो हे मोजून लिहून ठेवा. दांडी खरादून घ्या, तुकडा जोडून नको. खाली लांब झालेला भाग कशाला घासत नाही ना, हे प्रत्येक गिअरमध्ये बघा. जुनी दांडी फेकू नका.

कायद्याचंही बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं. आरसीवर गिअरच्या दांडीचा रकाना नसतो, हे खरं. पण इंजिन, चासी, बॉडी यांना हात घालायची हौस इथूनच सुरू होते, म्हणून रेघ कुठं आहे ते ठाऊक असू द्या. विमा कंपनीलाही सांगून ठेवा.

आणि सगळ्यात आधी एक प्रश्न विचारा, जो मी विचारला नाही: ही गाडी अजून कोण चालवतं? उत्तर 'फक्त मी' असेल तर करा मजा. उत्तरात दुसरं कुणी असेल, तर त्या माणसाला शेजारच्या सीटवर नाही, चालकाच्या सीटवर बसवा. आणि "छान झालीय" या उत्तरावर विश्वास ठेवू नका. घाटात घेऊन जा.

मागच्या शनिवारी बाबा गावाला गेले. गाडीनं. निघताना मी खिडकीशी उभा होतो. त्यांनी पहिला टाकला, आवाजही आला नाही.

"काय केलंस रे याला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. होतं तसं केलं."

"मग आधीच का नाही केलंस?"

माझी १,८०० रुपयांची दांडी ऑफिसच्या टेबलावर पडून आहे. कुणी विचारलं, 'नव्यानं लिहू या का सगळं?', की मी ती उचलून त्यांच्या हातात देतो.